कृपा आणि कडीचा डबा

११ मार्च, मंगळवार

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने नोंदवते. पुढेमागे कोणी विपर्यास करू नये.

काल सकाळी ईस्टरच्या गीतपत्रिकेचे मुद्रित तपासण्यासाठी मी रोह्याहून एसटीने पेणला गेले. पेणच्या स्थानकात उतरताना वाहकाने हात पुढे केला आणि म्हणाला, “आजी, हात द्या.” मी त्याला दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मी कोणाचीही आजी नाही, आणि मला हाताची आवश्यकता नाही. त्यानंतर मी पडले. “आता तरी द्या,” तो म्हणाला. मी स्वतः उठले. उजवे मनगट भलत्याच दिशेला वळलेले दिसत होते; तरी आधी मुद्रणालयात गेले, साऱ्या चुका दाखवल्या, आणि मगच दवाखान्यात गेले. हाड मोडले आहे. प्लास्टर ईस्टरनंतरच्या सोमवारी निघेल.

हे अक्षर माझे नाही. डाव्या हाताचे आहे. विद्यापीठाने ज्या प्राध्यापिकेला ‘कृपा’ या संकल्पनेवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली, त्या प्रिस्किला आढावचे अक्षर आज पहिलीतल्या मुलासारखे दिसते. वाचणाऱ्याने, म्हणजे मी, याची नोंद घ्यावी आणि विषय सोडून द्यावा.

संध्याकाळी नाशिकहून माझ्या भाचीचा, मृणालीचा, दूरध्वनी आला.

“आत्या, तुझ्याकडे येणारं-जाणारं कोण आहे?”

“कोणी नाही. मला गरज भासत नाही.”

“म्हणूनच न्यायला येतेय. ईस्टरनंतरच्या सोमवारी. प्लास्टर काढू आणि सामान बांधू. हाक मारली तर ‘ओ’ देणारं एक माणूस मला दाखव, मग राहा तिथं खुशाल.”

याचा अर्थ उघड आहे. ईस्टरपर्यंत मी संपूर्ण स्वावलंबी आहे, हे सिद्ध करावयाचे. हे घर मी सोडणार नाही. येथे माझी पुस्तके लेखकांच्या काळानुसार लावलेली आहेत. मृणाली ती उंचीनुसार लावते.

१२ मार्च, बुधवार

दुपारी गडग्यापलीकडून हाक आली, “मॅडमबाई! जिवंत हाव ना?”

गडगा म्हणजे माझ्या आणि शेजारच्या म्हात्र्यांच्या परसामधली दगडांची रचीव भिंत. पलीकडे हौसाबाई म्हात्रे राहतात. माहेर पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांचे. नवरा शिवा धाटावला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आजवर आमचा संबंध त्यांच्या कोंबड्यांपुरता होता. कोंबड्या माझ्या अंगणात येत आणि मी लेखी तक्रार करीत असे.

हौसाबाईंनी गडग्यावरून कडीचा डबा पुढे केला. “वालाचं बिरडं हाय. भाकरी खाली हाय. हात मोडल्याव काय शिजवशाल तुमी, डोंबल?”

मी आभार मानून नकार दिला. त्यांनी डबा गडग्यावर ठेवला आणि निघून गेल्या. नकाराचा असा अव्हेर मी प्रथमच पाहिला.

बिरडे निर्दोष होते. हे मी सत्याच्या आग्रहापोटी लिहिते.

आता प्रश्न डब्याचा. शेजारचे भांडे रिकामे परत धाडणे आमच्या आईला शरमेचे वाटे. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून पाठवण्याची पद्धत आहे. पण साखर ही पळवाट झाली. घरात बिस्किटे होती. डब्यात नीट वर्तुळाकार रचून परत केली. हिशेब मिटला.

१४ मार्च, शुक्रवार

हिशेब मिटलेला नाही. बिस्किटे मिळताच हौसाबाईंना कडीचा डबा रिकामा ठेववेना. काल होळीच्या पुरणपोळ्या आल्या, सोबत दुधाचा वेगळा गडू. आता माझ्याकडे त्यांची दोन भांडी आहेत आणि भरण्याजोगे काही नाही.

हेतूचा विचार केला. निष्कारण कोणी कोणाला पुरणपोळी देत नाही. माझ्या शेवग्यावर त्यांचा डोळा असावा. गडग्यापाशी जाऊन मी म्हणाले, “हौसाबाई, शेवग्याच्या शेंगा हव्या असतील तर मोकळेपणाने सांगावे.”

“शेंगा?” त्या हसल्या. “त्या मी गडग्यावरनं कधीपासनं काढतंय. तुमाला म्हाईत नाय व्हय?”

म्हणजे हेतू दुसरा आहे.

१७ मार्च, सोमवार

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक रितेश भालेराव भेटायला आले. वय तिशीच्या आसपास, दाढी कोरलेली, उपासनेत गिटार वाजवतात. मी त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

“मॅडम, ईस्टरचं प्रवचन तुम्ही कराल का?”

मागचे माझे प्रवचन चार वर्षांपूर्वी झाले. त्याला बत्तीस तळटिपा होत्या. मंडळीच्या पंचांपैकी एक, वडील महिपती साळवे, बाकावरून झोपेत खाली पडले, आणि मंडळीने ते प्रवचनाच्या खाती लिहिले. तेव्हापासून मला कोणी बोलावले नाही.

“विषय?”

“तारण. म्हणजे आपण काही कमावत नाही, देव फुकट देतो, आपण फक्त घ्यायचं. सोप्या शब्दांत, मॅडम. आणि, अं, आटोपशीर.”

मी त्यांना सांगितले की या विषयावर माझा सहाशे पानांचा प्रबंध आहे. ते म्हणाले, “हो, तेच.”

ते निघाले तेव्हा ओट्यावरचे पातेले पाहून त्यांनी विचारले, “शेजारून येतं वाटतं? छान आहे की.”

“छान नाही,” मी म्हणाले. “परतफेड बाकी आहे.”

२० मार्च, गुरुवार

उपवासकाळ चालू आहे; ईस्टरपर्यंत मी मासे-मटण वर्ज्य करते. हौसाबाईंनी आज जवळा पाठवला. कांदा, कोकम, वरून कोथिंबीर.

मी गडग्याशी जाऊन माझे व्रत समजावून सांगितले: चाळीस दिवस, आत्मसंयम, पुनरुत्थानाची तयारी.

“जवळा मासा नाय,” हौसाबाई म्हणाल्या. “जवळा म्हंजे चटनी.”

या वर्गीकरणाला कोणताही शास्त्राधार नाही. तथापि, पुढ्यात आलेले अन्न टाकणे हेही पाप आहे. दोन पापांतील लहान कोणते यावर बराच विचार केला. विचार पूर्ण होईपर्यंत टोप रिकामा झाला होता.

प्रवचनास आरंभ केला. डाव्या हाताने एक परिच्छेद लिहायला अर्धी दुपार गेली. “तारण हे दान आहे. दानाची परतफेड करू पाहणारा दात्याचा अपमान करतो.” उत्तम वाक्य. त्याखाली रेघ मारावीशी वाटली, पण डाव्या हाताने रेघ सरळ येत नाही.

२७ मार्च, गुरुवार

परतफेडीचा निर्णायक प्रयत्न: एका हाताने केक. अंडी फोडली, कवच आत गेले. भांडे धरायला दुसरा हात नसल्याने ते पोटाशी दाबले. पीठ पदराला लागले. जे तयार झाले ते मी पाहुण्याला तर सोडाच, विरोधी मतांच्या समीक्षकालाही दिले नसते. हौसाबाईंच्या कोंबड्यांना घातले. त्याही निघून गेल्या.

त्यांची भांडी माझ्याकडे वाढत चालली आहेत. रिकामी पाठवता येत नाहीत, भरता येत नाहीत. आकारानुसार मांडून ठेवली आहेत. स्वयंपाकघर भांडारगृहासारखे दिसते.

३० मार्च, रविवार

पाडवा. पलीकडे गुढी. श्रीखंडाची बरणी आली. बरणीही मांडली.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी फाटकापाशी शिवा म्हात्रे उभे. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा.

“मॅडम, राग मानू नका. तो तीन पुडांचा कडीचा डबा तुमच्याकडं हाय ना? माझा शिफ्टचा हाय तो.”

“आहे. पण तो रिकामा आहे.”

“रिकामाच पायजे! भरायचा हाय मला.”

“आज देता येणार नाही. भरून पाठवते.”

त्यांनी आइस्क्रीमचा डबा मला दाखवला. “ह्यात डाळ नेतो मी. कंपनीच्या बसमधी सांडते. मिथुन नावाचा एक पोरगा हाय, आमच्याच शिफ्टला, तो मला सगळ्यांसमोर ‘ए कुल्फीवाल्या’ म्हनतो. आता सुपरवायजर बी म्हनायला लागला.”

मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली. परंतु प्रथा ही प्रथा आहे. ते मान हलवत गेले. वळणावर डाळ सांडल्याचा आणि शिवीचा आवाज एकदमच आला.

८ एप्रिल, मंगळवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

हौसाबाई फाटकातून न येता गडग्यावरून उतरून आल्या. कमरेला पदर खोवलेला, काखेत पाटी. थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि रांगेत मांडलेल्या भांड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

“आगो बाय! दुकान मांडलंय हितं. आनि माझ्या घरी भात शिजवायला टोप नाय! काल कळशीत भात शिजवला मी, कळशीत!”

“हौसाबाई, मी ही सर्व भांडी भरूनच परत करणार आहे. मला थोडा अवधी द्यावा.”

“कोनी सांगितलंय भरायला?”

“तुम्हीही भरूनच पाठवता.”

“मला हात हायत!”

येथे मी तो प्रश्न विचारला, जो गेले काही आठवडे मला पडला होता. “तुम्ही हे का करता? नेमके कारण काय?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांना विचारले भरती का येते. “हात मोडलाय ना तुमचा?”

“हे कारण झाले नाही. याच्या बदल्यात तुम्हाला काय अपेक्षित आहे?”

हौसाबाईंचा चेहरा बदलला. मी त्यांना रागावलेले पाहिले आहे. हे रागावणे नव्हते. मी म्हणाले, “मला कोणाचे उपकार नकोत. हा स्वभावदोष असेल तर असो.”

“उपकार!” त्या म्हणाल्या. “बिरडं होतं ते, मॅडमबाई. उपकार नव्हते.”

त्यांनी एकेक भांडे पाटीत टाकले, मोठा आवाज करीत, माझी मांडणी मोडत. पाटी डोक्यावर घेतली आणि फाटकातून गेल्या. सर्व भांडी रिकामी गेली.

ओटा स्वच्छ आहे. याचे समाधान वाटायला हवे होते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

डबा नाही.

पाव आणि केळी. दोन्हींना एक हात पुरतो. मी स्वावलंबी आहे. मृणालीला तसे कळवले. ती म्हणाली, “अभिनंदन. सोमवारी बॅगा किती आणू?”

म्हणजे मी जे सिद्ध करीत होते, तिला ते नको होते. तिने काय मागितले होते ते पाहण्यासाठी मार्चची नोंद पुन्हा वाचली. अक्षर वाईट आहे, पण वाक्य स्पष्ट आहे: हाक मारली तर ‘ओ’ देणारे एक माणूस. मी संपूर्ण प्रश्नपत्रिकेतील भलताच प्रश्न सोडवत बसले. विद्यार्थ्यांना मी अशासाठी शून्य देत असे.

आता ज्या व्यक्तीने ‘ओ’ दिली असती, तिला मी कारण विचारले आहे.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

तीन तासांची उपासना. वधस्तंभावरील प्रभूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दुसऱ्या उद्गारावर, म्हणजे शेजारी खिळलेल्या चोराला दिलेल्या वचनावर, वडील महिपती बोलले. त्यांनी विषय सोडून आपल्या हरवलेल्या मोटारसायकलीविषयी सांगितले. ती अजून सापडलेली नाही.

त्या चोराविषयी माझे मत प्रतिकूल आहे. प्रबंधातही मी त्याला एका तळटिपेत आटोपले होते. एकही उपासना नाही, एकही सत्कृत्य नाही, बाप्तिस्माही नाही. अखेरच्या घटकेला एक विनंती, आणि थेट स्वर्ग. हे पाठांतर न करता पहिल्या वर्गात उत्तीर्ण होण्यासारखे आहे. त्याने निदान काही परत करण्याची इच्छा तरी दाखवायला हवी होती, असे मला नेहमी वाटत आले.

महिपती मोटारसायकलीचा रंग सांगत असताना माझी नजर मांडीवरच्या प्लास्टरवर गेली. मनात एक साधी बाब आली, जी सहाशे पानांत कोठेही आलेली नाही. त्याचे हात खिळलेले होते. त्याला डबा भरता आला नसता.

हे लिहून ठेवते. याला संदर्भ नाही.

२० एप्रिल, ईस्टर रविवार

पहाटेची उपासना. डाव्या हाताने ईस्टरपर्यंत एवढेच लिहून झाले होते: एक पान, तेही मोठ्या अक्षरात. मी ते वाचले. नंतर, पान संपल्यामुळे, त्या चोराविषयी बोलले. त्याला वेळ नव्हता, हात नव्हते, आणि प्रभूने त्याच्याकडे काही मागितलेही नाही, असे म्हणाले. पुढे मला म्हणायचे होते की आपले सर्वांचे तसेच आहे, परंतु ते न म्हणताच मी खाली बसले.

मंडळी खूश झाली. वडील महिपती जागे होते. फाटकाशी एकेक जण सांगून गेला की प्रवचन फारच छान झाले, किती लवकर संपले. पाळक भालेराव म्हणाले, “मॅडम, तुमचा डावा हात जपा.” मी याला विनोद समजत नाही.

त्याआधी प्रभुभोजन झाले. भाकर डाव्या हातावर घेतली. द्राक्षारसाचा छोटा पेला रिकामा करून तबकात ठेवला आणि तशीच थांबले. मागच्या बाईंना वाटले मला भोवळ आली. भोवळ नव्हती. माझ्या दृढीकरणापासून, म्हणजे प्रथम प्रभुभोजन घेतले तेव्हापासून, आजवर मी हा पेला प्रत्येक वेळी रिकामाच परत केला आहे. त्यात बिस्किटे घालावीत असे मला एकदाही सुचलेले नाही.

घरी आले. गडग्यावर कडीचा डबा होता, वर झाकण म्हणून केळीचे पान आणि त्यावर एक दगड, मांजरांसाठी. पलीकडे कोणी दिसत नव्हते. मी उभी राहिले. थोड्या वेळाने कोंबड्यांना हाकलण्याचा मोठा आवाज आला. तेथे कोंबड्या नव्हत्या.

“उपास सुटला ना तुमचा?” हौसाबाई भिंतीआडूनच म्हणाल्या. “कोलंबी हाय. ही मासाच हाय, चटनी नाय. आनि नको तर नको म्हना, कारन इचारू नका!”

“नको नाही,” मी म्हणाले.

कोलंबी बसून खाल्ली, गरम असताना, एका हाताने, कवच सोलताना पदर खराब करत. मग डबा धुतला. साखरेच्या बरणीकडे हात गेला. डावाच हात. तो मागे घेतला. हे मी वाटले होते त्यापेक्षा अवघड होते; प्रबंधापेक्षाही.

पुढील चिठ्ठी डब्यात ठेवली आणि डबा गडग्यावर, त्याच दगडाखाली. शिफ्टसाठी शिवाला लागेल. प्रत येथे उतरवून ठेवते.

“सौ. हौसाबाई म्हात्रे यांस,

सोबत आपला कडीचा डबा परत करीत आहे. तो रिकामा आहे. हे नजरचुकीने झालेले नाही. कोलंबी उत्तम होती. मीठ किंचित जास्त होते. त्या दिवशी मी कारण विचारले, ते विचारायला नको होते.

उद्या माझी भाची मृणाली मला नाशिकला नेण्यासाठी येत आहे. हाक मारली तर ‘ओ’ देणारे एक माणूस मी तिला दाखवू शकले, तर मला येथेच राहता येईल. आपल्याखेरीज दुसरे नाव मला सुचत नाही. या बदल्यात देण्याजोगे माझ्याकडे काही नाही.

उद्या मी फाटकातून हाक मारीन. आपण ‘ओ’ द्याल किंवा कसे, ते गाडी येण्यापूर्वी लेखी कळवावे.

— प्रिस्किला आढाव”